बारा पौंडी मागणाऱ्याला मी आठ पौंडी का दाखवते

दुकानात घण मागायला आलेला माणूस हटकून एकच वाक्य बोलतो, "वहिनी, चांगला जड बघून द्या." आणि मीही दरवेळी तेच विचारते, "फोडायचं काय आहे?" माणूस जरा चपापतो. हे दुकानदारणीला कशाला सांगायचं, असं त्याच्या तोंडावर दिसतं. पण ते कळल्याशिवाय मी मांडणीवरचा घण खाली काढत नाही.

ही मामंजींची शिस्त. त्यांनी कराड-पाटण रस्त्याला हे हार्डवेअरचं दुकान १९८१ साली टाकलं. गेली बावीस वर्षं गल्ल्यावर मी बसते. खिळे, तारा, पाइप, पत्रे सगळं विकते. त्यात सगळ्यांत जास्त चुकीचा घेतला जातो तो घण. चुकीचा नळ घेतला तर फार तर गळतो. चुकीचा घण घेतला की पंधरा दिवसांनी तोच माणूस कंबरेला पट्टा बांधून दुकानावरनं जाताना दिसतो आणि घण कुठंय विचारलं तर म्हणतो, गोठ्यात पडलाय.

आधी वजनाचं बोलू. नवा माल किलोत येतो, पण जुनी गिऱ्हाइकं अजून पौंडात बोलतात. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. आठ पौंडी घण ३.६ किलोचा, दहा पौंडी साडेचारचा, बारा पौंडी सुमारे ५.४ किलोचा आणि सोळा पौंडी ७.२६ किलोचा. हा शेवटचा आकडा ऐकून पोलीस भरतीची पोरं कान टवकारतात. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांचा गोळा बरोबर ७.२६० किलोचा असतो. ट्रॅक्टरच्या टायरवर घण मारायचा व्यायाम करतात ही मुलं, आणि गोळ्याइतकाच घण हवा म्हणून हट्ट धरतात. मी त्यांना सांगते, बाळांनो, गोळा हातात असतो, घण तीन फुटांच्या दांड्याच्या टोकाला असतो. हातात धरलेलं सात किलो आणि तीन फूट लांब लोंबणारं सात किलो यांत फार फरक. मुलींच्या गोळ्याचं वजन ४ किलो असतं. टायरवर मारायला मुलांनाही तेवढाच घण पुरतो.

जड घेतला की घाव जोरात बसतो, ही समजूत अर्धीच खरी. धाकटा अकरावीत असताना त्याने मला वहीवर मांडून दाखवलं होतं. वजन दुप्पट केलं तर घावाचा जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर चौपट होतो. आता विचार करा. आठ पौंडी घण जो माणूस सपकन फिरवतो, तोच सोळा पौंडी कसाबसा डोक्यावर नेतो आणि नुसता खाली सोडतो. पहिले चार घाव जोरात, पुढचे चाळीस मरतुकडे. दिवसभरात काम कुठल्या घणाने जास्त होईल, हे गवंड्याच्या हाताखालच्या पोरालाही विचारा.

घण म्हणजे दांडगटाचं हत्यार असं ज्यांना वाटतं त्यांनी घिसाड्यांचं पाल पडलं असेल तिथे दहा मिनिटं उभं राहावं. गडी सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवतो, हातातल्या लहान हातोड्याने जागा दाखवतो, आणि समोर त्याची घरधनीण घण घालते. पदर खोचलेला, अंगाने किरकोळ, पण घाव एक इंच इकडे-तिकडे नाही. या बायका माझ्याकडे घण न्यायला येतात तेव्हा ४ किलोच्या वरच्याला हात लावत नाहीत. दिवसभर घण मारून पोट भरणारी बाई हलका निवडते, आणि वर्षातून एकदा न्हाणीघराची भिंत पाडणारा साहेब बारा पौंडी मागतो.

तर, फोडायचं काय?

फरशी, चौकट, प्लॅस्टर असं काही असेल तर लांब दांड्याचा घण नकोच. दीड-दोन किलोचा, हातभर दांड्याचा छोटा घण आणि चांगली छिन्नी घ्या. एका हाताने धरता येतो, खोलीत फिरवायला जागा लागते तीही लागत नाही. न्हाणीघरात तीन फुटी दांडा फिरवायला गेलात तर मागचा आरसा आधी फुटतो. फुटलेला आहे, आमच्याच घरी.

विटांची भिंत सिमेंटात बांधलेली असेल तर ३ ते ४ किलो. वरच्या थरापासून सुरुवात करायची, दोन-तीन थर पाडत खाली यायचं. खालून भोक पाडून अख्खी भिंत एकदम पाडायची हौस काहींना असते. ती भिंत कुठल्या बाजूला पडेल हे भिंत ठरवते. नऊ इंची भिंत असेल आणि वर स्लॅब किंवा तुळई टेकलेली असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, घण नंतर घ्यायला या. जुन्या वाड्याची पांढऱ्या मातीची भिंत असेल तर घणाची गरजच नाही. पहार लावली की ती स्वतःच सुटत येते. धूळ मात्र गावभर.

कोबा किंवा अंगणातलं साधं काँक्रीट चार इंचांपर्यंत असेल तर ५ किलोचा घण ठीक. त्यातही युक्ती आहे. मधोमध मारत बसू नका. कडेपासून वीतभर आत मारा आणि आधी कडेखाली पहार घालून ती बोटभर उचलून धरा. खाली पोकळी असली की काँक्रीट चटकन तडकतं, जमिनीवर घट्ट बसलेलं असलं की सगळा घाव जमीन खाऊन टाकते.

सळईचं काँक्रीट असेल तर मी घण विकतच नाही, इलेक्ट्रिक ब्रेकर भाड्याने घ्या म्हणते. सळईवर मारलेला घण उलट उडतो. कॉलम-बीमला तर हातच लावायचा नाही.

शेताच्या कुंपणाचे लोखंडी अँगल ठोकायला साडेतीन-चार किलो पुरे. अँगलच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर डोकं वाकून फुलासारखं उमलतं. लाकडी खुंट असेल तर लोखंडी घण नको, सुताराकडची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, आणा. लोखंडाने लाकडाचं डोकं फाटतं.

राहिला दगड. माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे जांभा. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात कडक होत जातो. त्याला तासायचं असतं, घणाने त्याचा नुसता चुरा होतो. लग्न होऊन घाटावर आले आणि काळा पत्थर बघितला. इथे विहीर काढायची म्हणजे माती, मग मुरूम, मग काळा. या काळ्यावर नवखा माणूस बारा पौंडी घेऊन सकाळपासून दणादणा मारतो आणि दुपारी दगडावर नुसते पांढरे ठिपके असतात.

आमच्याकडे वडार वस्तीतले एक बाबा यायचे. सत्तरी ओलांडलेली, दंड बघाल तर काडीसारखे. त्यांनी मला एकदा दुकानामागच्या धोंड्यावर करून दाखवलं. आधी दगडाभोवती फिरले, ओला हात फिरवला, शीर शोधली. मग शिरेवर एका ओळीत वीतभर अंतराने भोकं पाडली, प्रत्येकात दोन पत्र्यांच्या मधे लोखंडी पाचर बसवली आणि दहा पौंडी घणाने पहिल्या पाचरेपासून शेवटच्यापर्यंत एकेक घाव घालत गेले. परत पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला पाचरेचा आवाज चढत होता. चौथ्या फेरीनंतर ते बसले, तंबाखू मळली. मी म्हटलं, बाबा, थांबलात का? म्हणाले, "आता त्याला जरा इचार करू दे." तंबाखू तोंडात टाकेपर्यंत धोंडा चर्र करून ओळीत उभा चिरला. तेव्हापासून दगड फोडायला जड घण मागणाऱ्याला मी आधी पाचरा दाखवते.

सहा-सात किलोचे घण मी दुकानात दोनच ठेवते. पहार खडकात ठोकायला किंवा रोज हेच काम करणाऱ्या गड्याला ते लागतात. तोही आल्यावर वजन सांगत नाही, मांडणीवरचा घण उचलून बघतो.

उचलून बघणं सगळ्यांनाच करायला लावते. घण घेताना लाजू नका, दुकानाबाहेर या. एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा घणाच्या डोक्याजवळ. सावकाश खांद्यापर्यंत न्या आणि तिथे दहा अंक मोजा. मग खाली. असं दहा वेळा. पहिल्या वेळेला सगळेच पैलवान असतात, मी आठव्या वेळेला बघते. पाठ मागे कलली, श्वास रोखला, किंवा घण खाली ठेवताना आपटला, की एक नंबर कमी. घण जमिनीवर डोक्यावर उभा केला की दांड्याचं टोक साधारण कमरेच्या हाडापाशी यावं. साडेपाच फुटांच्या माणसाला तीन फुटांचा दांडा जमतो, बुटक्याला ३० इंची. लांब दांड्याने वेग मिळतो, पण नेम बिघडतो.

आता घणाचं डोकं. घडीव आणि ओतीव हा फरक बघायला शिका, कारण दुकानदार स्वतःहून सांगेल याची खात्री नाही. घडीव डोकं पोलाद तापवून ठोकून केलेलं असतं. त्याचं तोंड पाणी दिलेलं, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेलं. मधला भाग त्या मानाने मऊ, म्हणजे धक्का सोसतो. ओतीव बिडाचं डोकं दिसायला तसंच, पण ठिसूळ. दांडा बसतो ते भोक, म्हणजे नेढं, आत बोट घालून बघा. घडीवाचं नेढं स्वच्छ असतं, दोन्ही तोंडांकडे किंचित पसरट आणि मधे निमुळतं. ओतिवात आत खरखर, बुडबुड्यांच्या खाचा आणि कुशीवरून गेलेली साच्याच्या जोडाची रेघ दिसते. रंगाचा जाड थर असेल तर नखाने खरवडा. मग कानस मागा आणि तोंडाच्या कडेवर एकदा ओढा. लोण्यासारखी लागली तर तोंड मऊ, महिन्यात फुलेल. काचेवर घसरावी तशी घसरली तर पाणी जास्त झालंय, कपची उडेल. किंचित लागून खरखर आवाज आला तर घ्या. तोंडाच्या कडा धारदार नकोत, उतरत्या घासलेल्या हव्यात. शेवटी काट्यावर ठेवा. माझ्याकडे खिळ्यांचा काटा आहेच. ५ किलो छापलेलं डोकं साडेचार भरलेलं मी स्वतः बघितलंय.

हे मी शिकले ते ठेच लागून. सात-आठ वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याने घडीव म्हणून बारा घणांची पेटी दिली. भाव बरा होता, मी नेढ्यात बोट घातलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या नडगीत कपची घुसली. चार टाके. तो भांडला नाही, फक्त फुटलेलं डोकं गल्ल्यावर आणून ठेवलं. तुटलेल्या जागी दाणेदार, राखेसारखा करडा रंग, बिडाचा. उरलेले अकरा मी भंगारात किलोवर घातले आणि त्याच्या टाक्यांचे पैसे दिले. ते डोकं अजून गल्ल्याखाली आहे, फरक दाखवायला उपयोगी पडतं.

पण माझं खरं भांडण दांड्याशी आहे. लोक डोकं निरखतात आणि दांडा जो लावून येईल तो घेतात. डोकं नातवापर्यंत टिकतं, दांडा दोन पावसाळे टिकला तरी खूप, आणि अपघात बहुतेक वेळा दांड्यामुळे होतो. डोकं निसटून उडालं तर तोफेचा गोळाच.

लाकडात माझी पहिली पसंती धामणीला. चिवट, लवचीक. जुने लोक कावडीच्या दांड्यालाही धामण धुंडायचे. ती मिळाली नाही तर बाभूळ, आपल्याकडे सहज मिळते आणि मजबूत. सागवान नको. सुताराचं लाडकं असलं तरी झटके सोसण्याचं ते लाकूड नव्हे, उभं चिरतं. चकचकीत पिवळा-लाल रंग मारलेले तयार दांडे येतात ते मी घेतच नाही. रंगाखाली गाठ आहे की भेग, देव जाणे. दांडा साधा, रंग न लावलेला मागा. टोकाकडून बघा. लाकडाच्या रेषा घण ज्या दिशेने पडतो त्याच दिशेने धावल्या पाहिजेत, आडव्या नकोत. मग लांबीवर नजर टाका. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाव्यात. मधेच कुशीतून बाहेर पडणारी रेष दिसली तर दांडा तिथेच तुटणार. ओल्या लाकडाचा दांडा शेतातून तोडून लगेच बसवू नका. सावलीत काही महिने वाळवा.

वडार कारागिरांचं गणित वेगळंच. ते बांबूचा बारीक, वाकणारा दांडा लावतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा मोडणारच. पण तो चाबकासारखा लपकतो, वेग देतो आणि दगडाचा झटका मनगटापर्यंत येऊच देत नाही. तो आपण वापरून बघू नये. त्याला लहानपणापासूनचा हात लागतो. मी एकदा प्रयत्न केला, घण दगडाच्या शेजारी मातीत रुतला.

फायबरचे दांडे शहरातली माणसं मागतात. वाईट नाहीत. आक्रसत नाहीत, पाण्याचं भय नाही. पण मोडला तर गावात बदलून मिळत नाही, बहुतेक वेळा अख्खा घण नवा घ्यावा लागतो. लोखंडी पाइप वेल्डिंग करून लावणाऱ्यांना मात्र मी हात जोडते. वेल्डिंगच्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं, शिवाय प्रत्येक घावाचा झटका सरळ कोपरात. आमच्या दिरांनी असा 'कायमचा' घण बनवून घेतला होता. तो कायमचा झाला की नाही माहीत नाही, कोपर मात्र वर्षभर दुखत होतं.

दांडा बसवायची रीत सोपी आहे. पटाशीने टोक नेढ्याच्या मापाचं करा, घट्ट जाईल असं. टोकाला मधोमध करवतीने चीर द्या, नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांशाइतकी. दांडा नेढ्यात सरकवा आणि मग लोक करतात ती चूक करू नका, डोकं जमिनीवर आपटू नका. घण हवेत उलटा लोंबता धरा, डोकं खाली, आणि दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरीने ठोका. डोकं आपल्या वजनाने जागच्या जागी राहतं, दांडा त्यात शिरत जातो. मग चिरेत सुक्या कठीण लाकडाची पाचर, आणि तिला तिरपी एक छोटी लोखंडी पाचर. टोक नेढ्याच्या बाहेर बोटाच्या पेराइतकं राहू द्या.

एप्रिल-मेमध्ये लाकूड आक्रसतं आणि घण खुळखुळायला लागतो. तेव्हा बादलीत भिजत घालायची आपल्याकडे पद्धत आहे. रात्रीत घट्ट होतो खरा, पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या कडेला चिरडतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिला होतो. पाण्याऐवजी रंगाच्या दुकानातलं बेल तेल, म्हणजे जवसाचं तेल, घ्या, नेढ्याच्या दोन्ही बाजूंनी मुरवा, दांड्यालाही चोळा. चोळलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बेल तेलाची चिंधी आपोआप पेटते. मोकळ्या हवेत पसरून वाळवा. तरी घण हलत असेल तर नवी पाचर मारा.

डोक्याखालच्या वीतभर दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळा. नेम चुकून दांडा दगडाच्या कडेवर बसतो तो इथेच, आणि इथेच तो तुटतो. दहा रुपयांची ट्यूब, पण दांड्याचं आयुष्य वाढतं.

मारायचं कसं यावर मी फार बोलत नाही, ते हाताने शिकायचं. पाय खांद्याइतके फाकून, वरचा हात डोक्याजवळून खाली सरकू द्यायचा, आणि घण खाली येताना ढकलायचा नाही, फक्त वळण द्यायचं. सरकणाऱ्या हातात ढगळ मोजा नको. तोंड सपाट बसलं पाहिजे. कडेने बसला तर कपची उडते. म्हणून चष्मा. शे-दीडशे रुपयांचा प्लॅस्टिकचा चष्मा मी घणाबरोबर बिलातच लावते, नको म्हणणाऱ्याला नडगीवाल्या शेतकऱ्याच्या घणाचं डोकं दाखवते. छिन्नीचं डोकं फुलून कडा वळल्या असतील तर आधी ग्राइंडरवर घासून घ्या. आणि एका घणावर दुसरा घण कधीच मारू नका, दोन्ही तोंडं कडक असतात.

काम झालं की घण उभा, सावलीत, भिंतीला टेकून ठेवा. ओल्या जमिनीवर आडवा टाकलात तर दांड्याला वाळवी लागते.

आणि माझ्याकडे उसना मागायला येऊ नका. मामंजींच्या वहीत तीन घण लिहिलेले आहेत, १९९४ पासून. एकही परत आलेला नाही.